स्वस्तातला पहिला कॅमेरा: कंपनीने पैसे कुठे वाचवले ते आधी बघा

गेल्या चवथीला माझ्या भाचीने आणि मी एकाच माटोळीचा, म्हणजे आमच्या गोव्यात गणपतीच्या डोक्यावर टांगतात त्या फळाफुलांच्या चौकटीचा, फोटो काढला. तिने फोनने, मी कॅमेऱ्याने. सुपारीची शिंपुटे, लालभडक कवंडळे, नारळांची पेंड, आणि या सगळ्याला गुंडाळलेली एलईडीची माळ. तिचा फोटो पाच मिनिटांत नातेवाइकांच्या ग्रुपवर जाऊन वाहवा मिळवून आला. माझ्या फोटोत कवंडळे विटकरी दिसत होती, कोपरे काळवंडले होते आणि फोटोभर आडवे पट्टे उमटले होते.

"मावशी, तुझ्या एवढ्या मोठ्या कॅमेऱ्यापेक्षा माझा फोन बरा की!"

पोरगी नुकतीच बारावी झालेली. वडिलांनी कॅमेऱ्यासाठी पन्नास हजारांपर्यंत कबूल केलेले. त्यामुळे हा प्रश्न नुसता चेष्टेचा नव्हता. त्या दिवशी मोदक तळता तळता तिला जे तुटक तुटक सांगितले, तेच इथे जरा सलग लिहिते.

आधी कशाबद्दल बोलतोय ते ठरवू. लेन्स काढता-घालता येते असा, नवशिक्यासाठी म्हणून विकला जाणारा सगळ्यात खालच्या पायरीचा कॅमेरा. आत आरसा असलेल्या डीएसएलआरमध्ये कॅननचा १५००डी आणि निकॉनचा डी३५००, दोन्ही २०१८ सालचे. यातला निकॉन पुढे कंपनीने बंद केला, पण जुन्या बाजारात तो भरपूर फिरतो. बिनआरशाच्या, म्हणजे मिररलेस जातीत कॅननचा २०२३ चा आर१००. उदाहरणे याच तिघांची देते, कारण लोक मला विचारतात ते यांच्याबद्दलच.

कोणतीही वस्तू स्वस्त होते ती कुठेतरी हात आखडता घेतल्यामुळे. तेव्हा कॅमेरा चांगला की वाईट हे विचारण्याआधी या वस्तूत कंपनीने काटकसर कुठे केली आणि कुठे केली नाही, ते बघायचे. गंमत म्हणजे जिथे केली असेल असे आपल्याला वाटते, तिथे ती केलेली नसते.

सेन्सरचेच बघा. लेन्समधून आलेला प्रकाश ज्या चिपवर पडतो तो सेन्सर. पूर्वीच्या कॅमेऱ्यातल्या फिल्मच्या जागी आता हा असतो. १५००डीचा सेन्सर सुमारे २२ बाय १५ मिलिमीटर, लहानशा पोस्टाच्या तिकिटाएवढा. दुकानात त्याच्या शेजारी ते लांब नळीचे, 'चाळीस पट झूम' लिहिलेले, लेन्स न निघणारे कॅमेरे ठेवलेले असतात. त्यांतल्या बहुतेकांचा सेन्सर साधारण ६ बाय साडेचार मिलिमीटर असतो, हरभऱ्याच्या दाण्याएवढा. क्षेत्रफळाचा हिशेब केला तर जवळजवळ बारा पट फरक. अंगणात सोलां, म्हणजे कोकमाच्या साली, वाळत घालताना सुपाला मिळणारे ऊन आणि ताडपत्रीला मिळणारे ऊन कडक तेवढेच असते, पण ताडपत्रीवर एकूण किती पडते? सेन्सरचे तसेच. मोठा सेन्सर एकूण जास्त प्रकाश गोळा करतो, म्हणून अंधुक जागी त्याच्या फोटोत रवा पसरल्यासारखे दाणे कमी दिसतात.

आणि इथे काटकसर नाही. १५००डीतला सेन्सर आणि त्याच कंपनीच्या दुप्पट किमतीच्या कितीतरी कॅमेऱ्यांतला सेन्सर आकाराने एकच असतो. स्वस्त कॅमेऱ्याची सगळ्यात मोठी जमेची बाजू मला विचाराल तर हीच, आणि जाहिरातीत तिच्याबद्दल अवाक्षर नसते. जाहिरात मेगापिक्सेलची. त्या आकड्याचे फार मनावर घेऊ नका. आठ बाय बारा इंचाचा फोटो कागदावर स्वच्छ उतरायला ३६०० बाय २४०० ठिपके लागतात, म्हणजे नऊ मेगापिक्सेलही नाहीत. या तिन्ही कॅमेऱ्यांत २४ आहेत. विषय संपला.

आता खरी काटकसर. ती आहे कॅमेऱ्याबरोबर फुकट मिळाल्यासारख्या वाटणाऱ्या किट लेन्समध्ये.

तिच्या तोंडावर काय कोरलेले असते ते वाचा: १८-५५, आणि पुढे ३.५-५.६. पहिली जोडी झूमची. १८ ला सगळी खोली मावते, ५५ ला एक चेहरा. दुसरी जोडी भोकाची. लेन्सच्या पोटात पाकळ्यांचे एक भोक असते, ज्यातून प्रकाश आत येतो. त्यालाच अपर्चर म्हणतात. हा आकडा जितका मोठा तितके भोक लहान, आणि इथेच सगळे गोंधळतात. कारण साधे आहे, तो आकडा भागाकाराचा आहे. ५५ मिलिमीटरला ५.६ ने भागा, भोक आले सुमारे १० मिलिमीटरचे. शर्टाचे बटण. आता दहा हजारांच्या आसपास मिळणारी ५० मिलिमीटरची, १.८ वाली साधी लेन्स घ्या. ५० भागिले १.८, म्हणजे जवळजवळ २८ मिलिमीटर. दहा रुपयांचे नाणे. बटण आणि नाणे शेजारी शेजारी ठेवून बघा. चौकट साधारण तीच, पण प्रकाश दहापट.

दहापट म्हणजे काय हे मला आमच्या देवळाच्या उत्सवात कळले. आमच्याकडे उत्सवाचे नाटक म्हणजे गावाचा जीव. दोन महिने तालमी, मंडपात रंगमंच, आणि पहाटेपर्यंत बसणारे प्रेक्षक. एका वर्षी ऐतिहासिक नाटक होते आणि फोटोंचे काम हौसेने माझ्या गळ्यात पडले. किट लेन्स, झूम ५५ वर, आयएसओ १६००. आयएसओ म्हणजे सेन्सरने टिपलेला प्रकाश किती फुगवून दाखवायचा त्याचे माप. जास्त फुगवला की दाणे दिसू लागतात. एवढे करूनही शटर, म्हणजे सेन्सरसमोरचा पडदा, सेकंदाचा विसावा भाग उघडा ठेवावा लागत होता. तेवढ्या वेळात माणसाचा हात बराच फिरतो. नायकाने तलवार उपसली आणि माझ्या फोटोत तलवारीच्या जागी पांढरा धूर आला. तोंडही पुसट. दुसऱ्या वर्षी मैत्रिणीकडून ५० ची लेन्स मागून नेली. तोच रंगमंच, तेच दिवे, आयएसओ तोच, आणि शटर सेकंदाचा दोनशेवा भाग. तलवारीच्या मुठीवरचा चिकटवलेला सोनेरी कागद मोजता आला.

कॅमेरा दोन्ही वर्षी एकच होता.

म्हणून माझे मत असे: किट लेन्सवरून कॅमेऱ्याची परीक्षा करणे म्हणजे उधारीच्या चपला घालून चालायला गेलेल्या माणसाला लंगडा म्हणणे. मिररलेसचे नवे नाव ऐकून भुलू नका, आर१०० बरोबरच्या १८-४५ लेन्सवर ४.५-६.३ लिहिलेले असते. ४५ भागिले ६.३ तुम्हीच करा. बटण आणखी लहान झाले.

मग माटोळीचा फोटो फोनने सरस का काढला? फोनचा सेन्सर तर लहानच. पण फोन एक फोटो काढतच नाही. बटण दाबले की तो झरझर अनेक फोटो घेतो, एकावर एक बसवतो, दाणे पुसतो, अंधाऱ्या जागा उजळतो, रंग स्वतःच्या अकलेने ठरवतो. माटोळी हलत नाही, त्यामुळे ही बेरीज बिनचूक जमते. तलवार हलते, तिथे ही हुशारी थोडी लंगडी पडते. साधा कॅमेरा यातले फारसे काही करत नाही. तुम्ही सांगाल तेवढे मुकाट्याने करतो, चुकीचे सांगितले तरी.

माझे पट्टे असेच आले. घरातली वीज सेकंदाला ५० वेळा वर-खाली होते आणि स्वस्त एलईडी माळा त्यामुळे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. डोळ्यांना ते कळत नाही. मी सकाळी गणपती घरी आणताना पुढे धावणाऱ्या पोरांचे फोटो काढले होते. शटर ५००व्या भागावर ठेवलेले, ते तसेच राहिले. इतक्या वेगात पडद्याची फट सेन्सरवरून सरकते तेव्हा काही भागाला दिवा पेटलेला दिसतो, काही भागाला विझलेला. झाले पट्टे. शटर १०० वर किंवा ५० वर आणले असते तर गेले असते. कोपरे काळवंडले ते लेन्सच्या कडेला प्रकाश कमी पोहोचतो म्हणून, आणि कवंडळे विटकरी झाली ती ट्यूबचा आणि माळेचा प्रकाश वेगवेगळ्या रंगाचा असल्यामुळे. या दोन्ही गोष्टी मी रात्री लॅपटॉपवर दुरुस्त केल्या, कारण कॅमेऱ्यात रॉ नावाची सोय होती. सेन्सरला जे दिसले ते जवळजवळ कच्चेच साठवून ठेवायचे, शिजवायचे नंतर. एकेक रॉ फाइल पंचवीस-तीस एमबीची. म्हणजे कार्ड मोठे हवे, लॅपटॉप हवा आणि हा धंदा करायची हौस हवी. हौस नसेल तर कॅमेऱ्याचा निम्मा फायदा तिथेच गेला. हे मी भाचीला अगदी स्पष्ट सांगितले. ग्रुपवरच टाकायचे असतील तर फोन पुरे, ते पन्नास हजार कॉलेजच्या फीला ठेव.

ती गप्प बसली. मग मी तिला एका रविवारी पहाटे करमळीच्या तळ्यावर नेले.

थंडीत तिथे बदकांचे थवे उतरतात. काठावरच्या खुंटावर खंड्या बसला होता, आमच्यापासून चाळीस-पन्नास पावलांवर. तिने फोन वर केला. फोनची मुख्य लेन्स मुळात रुंद बघणारी, तिच्यात खंड्या म्हणजे निळा ठिपका. बोटांनी मोठा केला तर पाण्यात विरघळलेल्या निळीसारखा पसरला. मी तिच्या हातात ५५-२५० ची लेन्स लावलेला माझा कॅमेरा दिला. या सेन्सरवर २५० ची लेन्स जुन्या फिल्म कॅमेऱ्यावरच्या ४०० सारखी वागते, म्हणजे चांगलीच लांबचे ओढते. तिने डोळा लावला आणि श्वास रोखून म्हणाली, "मावशी, त्याच्या चोचीत मासा आहे." चोडणच्या सलीम अली अभयारण्यात कांदळवनातून होडीने फिरताना तर असे दर वळणावर घडते. लांबचे, हलते किंवा अंधारातले, या तीन ठिकाणी स्वस्त कॅमेराही आपली किंमत वसूल करतो. चौथे म्हणजे भर उन्हातला किनारा. फोनचा पडदा तिथे काळा ठिक्कर पडतो, पण कॅमेऱ्याच्या खिडकीला डोळा लावला की सगळे स्वच्छ दिसते.

त्याच सकाळी उणी बाजूही दिसली. खंड्या उडाला. माझा १५००डी सेकंदाला तीनच फोटो काढतो, आणि फोकस धरायला त्याच्याकडे नऊच बिंदू, त्यातही मधला एकच खरा भरवशाचा. तीन फोटोंत एकात शेपूट, एकात नुसते पाणी, एकात काहीच नाही. उडत्या पक्ष्यासाठी लागणारा चपळ फोकस हा महाग कॅमेऱ्यांचा प्रांत. बसलेला पक्षी तुमचा, उडालेला त्यांचा.

बाकीची काटकसर भराभर सांगते. व्हिडिओ करायचा असेल तर हे जुने डीएसएलआर घेऊच नका. १५००डी आणि डी३५०० या दोघांनाही बाहेरचा माइक जोडायची सोय नाही, आणि व्हिडिओ चालू असताना फोकस चाचपडतो. आर१०० त्या बाबतीत बरा, पण त्याचा पडदा बाहेर वळत नाही आणि बोटाने चालत नाही. १५००डीवर फ्लॅशच्या खोबणीतला मधला संपर्कच काढून टाकला आहे, त्यामुळे दुसऱ्या कंपनीचे बरेचसे स्वस्त फ्लॅश त्यावर पेटत नाहीत. डी३५०० मध्ये फोकसची मोटर नाही, म्हणून कुणाच्या काकांची जुनी निकॉन लेन्स मिळाली तर फोकस हाताने फिरवावा लागू शकतो. बॅटरीत मात्र तो वाघ आहे. कंपनीच्या मापाप्रमाणे एका चार्जवर १५५० फोटो, कॅननचे ५००. आणि कॅननचा ३०००डी त्याहून स्वस्त दिसला तरी मोहात पडू नका, तिथे लेन्स बसवायची कडीसुद्धा प्लास्टिकची आहे, आणि माझ्यासारख्या चष्मेवाल्यांना खिडकी डोळ्याला जुळवायचे चक्र नाही.

या यादीतली एक काटकसर मी मुद्दाम शेवटी ठेवली. पुण्या-नागपूरच्या वाचकाला ती किरकोळ वाटेल, पण गोव्यात तीच कॅमेऱ्याचा जीव घेते. या कॅमेऱ्यांच्या सांध्यांना पाणी आणि धूळ अडवणारी रबरी पट्टी नसते.

जुलैत आमच्याकडे हवेतला दमटपणा ८५-९० टक्क्यांच्या घरात असतो. कपाटातल्या चपलांवर पांढरी लव येते, पापड वातड होतात, मीठ पाझरते. तीच लव लेन्सच्या आत येते. हवेतले बुरशीचे बीज काचेवर बसते, ओल मिळाली की फुटते आणि कोळिष्टकासारखे धागे पसरते. नुसते पसरत नाही, काचेवरचा नाजूक थर खाते. माझी पहिली लेन्स अशीच गेली. दुकानदाराने दिलेल्या जाड, अस्तर लावलेल्या बॅगेत ती मी जूनमध्ये ठेवली आणि चवथीला काढली. बॅग म्हणजे ओल साठवणारा स्पंजच, हे मला कुणी सांगितले नव्हते. दुरुस्तीवाल्याने सफाईची जी किंमत सांगितली तेवढ्यात नवी आली असती.

उपाय महाग नाही. झाकण घट्ट बसणारा प्लास्टिकचा डबा, ओल शोषणाऱ्या सिलिका जेलची पाकिटे, आणि दमटपणा दाखवणारे छोटे मीटर, तीन-चारशे रुपयांचे. आकडा ४० ते ५० च्या मध्ये राहील असे बघायचे. निळे जेल गुलाबी झाले की भरले समजायचे, मंद आचेवर परातीत तापवले की पुन्हा निळे होते. ती परात मग स्वयंपाकाला वापरायची नाही. फार कोरडे करू नका, तीसच्या खाली रबर आणि आतले वंगण सुकते. आणि तांदळाच्या डब्यात कॅमेरा पुरायचा सल्ला कुणी दिला तर हसून सोडून द्या. तांदळाची पूड बटणांत गेली की नवा उपद्रव. सगळ्यात चांगला उपाय फुकटचा: कॅमेरा वापरा. दर आठवड्याला बाहेर निघणाऱ्या लेन्सला सहसा बुरशी येत नाही, कपाटात सांभाळून ठेवलेल्या लेन्सला येते.

एसीच्या गाडीतून उतरलात की कॅमेरा अर्धा तास बॅगेतच राहू द्या, नाहीतर थंड काचेवर दव धरते, बाहेर पुसाल पण आतले कसे पुसणार? किनाऱ्यावर लेन्स बदलू नका. १५००डीमध्ये सेन्सर आपोआप झटकायची सोयही नाही, त्यामुळे आत गेलेला वाळूचा कण तिथेच घर करतो. घरी आल्यावर किंचित ओल्या फडक्याने बाहेरचे खारे पुसून काढा. एवढे केले तर स्वस्त कॅमेरा बरीच वर्षे सहज टिकतो. माझा टिकला आहे.

शेवटी भाचीने काय केले? नवा घेतला नाही. म्हापशात एकाकडे वापरलेला १५००डी आणि ५५-२५० अशी जोडी निघाली, ती बघायला आम्ही दोघी गेलो. मी मोबाइलची टॉर्च लेन्सच्या एका टोकाला धरली आणि दुसरीकडून आत बघितले. धागे नाहीत. मग अपर्चर २२ वर नेऊन मोकळ्या आकाशाचा फोटो काढला, कारण त्यात सेन्सरवरची धूळ काळे डाग होऊन दिसते. तीन डाग होते. रबरी फुग्याने हवा मारली, दोन गेले. तिसऱ्यासाठी तिने घासाघीस करून हजार रुपये कमी करून घेतले, ते मला जमले नसते. उरलेल्या पैशांतून ५० ची लेन्स नवी, डबा आणि मीटर. तरी वडिलांना बरेच परत गेले.

यंदा आषाढात माशेलच्या चिखलकाल्याला निघताना तिने कॅमेरा गळ्यात घातला. देवकीकृष्णाच्या देवळासमोर चिखलात लोळणारी माणसे, वरून पाऊस, सगळीकडे उडणारे शिंतोडे. मी दारातच हात आडवा केला. ती कुरकुरली, मग कॅमेरा काढून डब्यात ठेवला, झाकण दाबले, मीटर बघितले. सेहेचाळीस. फोन प्लास्टिकच्या पिशवीत घालून आम्ही बस पकडली.